पायथन २.७ वरून ३ वर: फाइलच्या शेवटाकडून ‘सीक’ का चालत नाही, आणि डिझेलच्या नोंदवहीचे काय करावे?

खाडीकाठ, रत्नागिरी (९ जुलै, रात्री ९.४०)

नमस्कार. आमच्या बंदरावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेची डिझेल-वाटपाची नोंदवही गेली अनेक वर्षे मी लिहून दिलेल्या, पायथन या संगणक-भाषेतील एका लहान स्क्रिप्टवर चालते. कोणत्या नौकेने कोणत्या दिवशी किती लिटर डिझेल उचलले, एवढीच ती नोंद असते. परंतु परताव्याचे सर्व कागद तिच्यावरूनच तयार होत असल्यामुळे तिच्यात एका आकड्याचीही चूक आम्हाला परवडत नाही.

संस्थेचा जुना संगणक एप्रिलमध्ये बंद पडला. खाऱ्या हवेत तो इतकी वर्षे टिकला, हेच पुष्कळ झाले. त्यावर पायथन २.७ होते, नव्या संगणकावर पायथन ३ आहे. ‘प्रिंट’ला कंस लावणे वगैरे किरकोळ दुरुस्त्या मी केल्या आणि नवी नोंद लिहिण्याचा भाग लगेच चालू झाला. मात्र शेवटच्या २० नोंदी पडद्यावर दाखवणारा भाग चालत नाही. प्रत्येक नोंद बरोबर ९६ बाइटची असल्यामुळे मी फाइल साध्या वाचन-मोडमध्ये उघडून एफ.सीक(-१९२०, २) असे लिहिले होते, म्हणजे शेवटापासून १९२० बाइट मागे जा आणि तेथून वाचत सुटा. आता या ओळीवर ‘कान्ट डू नॉनझिरो एन्ड-रिलेटिव्ह सीक्स’ अशी एरर येते.

तोडगा म्हणून मी आधी एफ.सीक(०, २) करून फाइलची लांबी घेतली, तिच्यातून १९२० वजा केले आणि येणाऱ्या आकड्यावर सीक केले. यावर एरर येत नाही, पण दिसणाऱ्या नोंदी मधूनच सुरू होतात आणि एकदा तर यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांमध्ये लिहिण्याची पद्धत) वाचता येत नसल्याची वेगळीच एरर आली. पूर्ण फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली, तरीही मध्ये कोठेतरी तीच एरर येते.

मासेमारीवरील पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टला सकाळपासून डिझेलसाठी रांग लागेल. त्यापूर्वी हे मार्गी लावायचे आहे. भाषेच्या आवृत्तीत नेमके काय बदलले, हे समजून घेऊनच दुरुस्ती करावी असे वाटते, म्हणून हा धागा.

सड्यावरून, राजापूर (९ जुलै, रात्री ११.१५)

प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पायथन २ मधील ‘फाइल’ ही वस्तू म्हणजे सी भाषेच्या मानक लायब्ररीतील फाइलवर चढवलेले एक पातळ आवरण होते. आपण सीक म्हटले की ते सरळ सीच्या ‘एफसीक’ला सांगितले जाई, आणि युनिक्स घराण्यातील प्रणालींमध्ये टेक्स्ट (अक्षरे म्हणून वाचणे) व बायनरी (कच्चे बाइट म्हणून वाचणे) असा भेदच नसल्यामुळे कोणताही आकडा दिला तरी तो बाइटचा आकडा म्हणून मुकाट्याने मान्य होई. पायथन ३.० हे ३ डिसेंबर २००८ रोजी आले तेव्हा फाइल वाचण्या-लिहिण्याची ही सर्व यंत्रणा नव्याने रचलेली होती. तिच्यात तीन थर आहेत. सर्वांत खाली कच्चे बाइट, त्यावर बफर, म्हणजे बाइट तात्पुरते साठवणारी जागा, आणि टेक्स्ट मोडमध्ये उघडले तर त्याच्याही वर बाइटांची अक्षरे करणारा एक थर. आपण पूर्वी थेट तळाशी बोलत होतो. आता ‘ओपन’ला ‘बी’ (म्हणजे बायनरी) न लावता फाइल उघडली की आपण सर्वांत वरच्या थराशी बोलतो.

या वरच्या थराला ‘शेवटापासून १९२० मागे’ या वाक्याचा अर्थच लावता येत नाही. १९२० काय? बाइट, की अक्षरे? बाइट म्हणावे तर वाचणाऱ्याला मिळणार आहेत अक्षरे. अक्षरे म्हणावीत तर यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला १ बाइट आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, त्यामुळे शेवटापासून इतकी अक्षरे मागे म्हणजे नेमके कोठे, हे मधला मजकूर वाचल्यावाचून सांगता येत नाही. ‘रत्नागिरी’ हा शब्दच घ्या: र, त, हलन्ताचे चिन्ह, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र आणि दीर्घ वेलांटी अशी ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. म्हणून टेक्स्ट मोडमध्ये आता चारच गोष्टी वैध आहेत: सुरुवातीला जाणे, आहे तेथेच राहणे, थेट शेवटाला जाणे, आणि ‘टेल’ने (फाइलमध्ये आपण कोठे आहोत हे सांगणाऱ्या क्रियेने) पूर्वी दिलेल्या ठिकाणी परत जाणे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ‘पायथन ३ ने चालणारे मोडले’ असे अनेकदा ऐकू येते. हा नियम नवा नाही. टेक्स्ट मोडमध्ये टेलने दिलेल्या आकड्यांखेरीज दुसरे आकडे सीकला देऊ नयेत, दिल्यास काय होईल ते अनिश्चित आहे, असे पायथन २.७ च्या अधिकृत दस्तऐवजातही स्पष्ट लिहिलेले होते. आणि त्याच्याही आधी सी भाषेच्या मानकात टेक्स्ट फाइलींसाठी असेच बंधन होते. नियम जुनाच आहे, तो मोडल्यावर थांबवणे मात्र नवे आहे.

तुमच्या तोडग्याविषयी सांगायचे तर लांबीतून वजा करून सीक करणे हाही नियमभंगच आहे, फक्त तो पायथन ३ ला ओळखता येत नाही. सुरुवातीपासून मोजलेला धन आकडा तुम्ही टेलकडून घेतला की स्वतः गणित करून काढला, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो आकडा अक्षराच्या मध्यावर पडला, तर तुम्हाला दिसलेली दुसरी एरर येते.

उपाय: फाइल बायनरी मोडमध्ये उघडा. तेथे शेवटापासून मागे जाणे पूर्वीसारखेच चालते. नोंद बाइटांमध्ये उचला आणि नंतर तिची अक्षरे करा.

खाडीकाठ, रत्नागिरी (१० जुलै, सकाळी ७.०५)

मनापासून आभार. बायनरी मोडमध्ये उघडून पाहिले. एरर गेली, पण नोंदी अजूनही मधूनच सुरू होतात. फाइल बाइटांमध्ये वाचत असूनही ९६ चे गणित जुळत नाही, याचा अर्थ फाइलमध्येच काहीतरी बिघडले आहे असे दिसते. जुन्या संगणकावरून घेतलेली शेवटची प्रत तपासली: तिची लांबी १०,७५,९६८ बाइट आहे आणि तिला ९६ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे ११,२०८ नोंदी. नव्या संगणकावरील फाइलला मात्र पूर्ण भाग जात नाही.

पर्जन्यमापक, देवरुख (१० जुलै, सकाळी ९.३०)

माझीही एक अडचण याच्याशीच संबंधित आहे, म्हणून येथेच विचारतो. घरच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद मी साध्या फाइलमध्ये ठेवतो आणि प्रत्येक महिन्याची पहिली ओळ कोठे सुरू होते याची एक अनुक्रमणिका करतो. त्यासाठी फॉर-लूपमध्ये एकेक ओळ घेऊन प्रत्येक वेळी टेल विचारत असे. पायथन ३ मध्ये ‘टेलिंग पोझिशन डिसेबल्ड बाय नेक्स्ट कॉल’ अशी एरर येते. हेही त्याच कारणामुळे आहे का?

सड्यावरून, राजापूर (१० जुलै, दुपारी १.२०)

कारण जवळचे आहे, पण आधी तुमची जुनी अनुक्रमणिका एकदा तपासून पाहा, ही कळकळीची विनंती. पायथन २ मध्ये फॉर-लूप वेगासाठी ८१९२ बाइटांचा एकेक घास आधीच वाचून ठेवी, आणि टेल विचारले असता तुमच्या हातातील ओळीचे नव्हे, तर त्या घासाच्या शेवटाचे ठिकाण सांगे. लहान फाइलमध्ये प्रत्येक ओळीला फाइलची पूर्ण लांबीच मिळे, मोठ्या फाइलमध्ये ओळीमागून ओळींना ८१९२ हाच आकडा. म्हणजे ती अनुक्रमणिका पहिल्या दिवसापासून चुकीची असण्याचीच शक्यता अधिक आहे. पायथन ३ त्या ठिकाणी चुकीचे उत्तर देण्याऐवजी उत्तर नाकारते. फॉर-लूपऐवजी प्रत्येक ओळ रीडलाइनने घेतली, तर टेल चालते.

मात्र टेक्स्ट मोडमधील टेलचा आकडा म्हणजे बाइटांची मोजणी असे धरून चालू नये. यूटीएफ-८ मध्ये तो बहुतेक वेळा तसा दिसतो, परंतु अक्षरे करणाऱ्या थराची त्या क्षणाची अवस्था लक्षात ठेवण्याची गरज पडली, तर पायथन ती माहिती त्याच आकड्यात वरच्या बाजूला बांधून देते आणि आकडा एकदम प्रचंड होतो. असा आकडा ६४ बिटांच्या रकान्यात मावत नाही. त्यात बेरीज-वजाबाकी करणे, दोन आकड्यांच्या फरकाला लांबी समजणे, हे सर्व टाळावे. जेथून घेतला तेथेच परत जाण्याची ती खूण आहे, इतकेच तिचे प्रयोजन. शिवाय ही अवस्था शोधून काढण्यात वेळ जात असल्यामुळे प्रत्येक ओळीला टेल विचारणे मोठ्या फाइलवर फार संथ होते. पावसाच्या नोंदींसाठीही बायनरी मोडच बरा. तेथे टेल म्हणजे खरोखर बाइट.

तांबडी माती, दापोली (१० जुलै, दुपारी ४.४५)

खाडीकाठ, फाइल का बिघडली याचा मला अंदाज आहे, परंतु त्याआधी तीन प्रश्न. जुना संगणक लिनक्सचा होता का आणि नवा विंडोजचा आहे का? नौकांची नावे देवनागरीत लिहिता का? आणि नाव ठरावीक रुंदीत बसवण्यासाठी ‘एल-जस्ट’ वापरले आहे का?

खाडीकाठ, रत्नागिरी (१० जुलै, सायंकाळी ६.३०)

तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आहे. पूर्वी नावे रोमन लिपीत होती. दोन वर्षांपूर्वी सभासदांनी मागणी केली की पावतीवर नौकेचे नाव मराठीत असावे, आणि ती मागणी रास्तच होती. तेव्हापासून नौकेचे नाव देवनागरीत आणि मालकाचे नाव मात्र रोमनमध्येच लिहितो. नावासाठी २४ ची रुंदी आहे: मोठे असेल तर २४ वर कापायचे, लहान असेल तर एल-जस्टने मोकळ्या जागा भरायच्या. नव्या संगणकावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सचिवांनी ३७ नोंदी केल्या. फाइल उघडताना मी यूटीएफ-८ लिहायला विसरलो नव्हतो.

तांबडी माती, दापोली (१० जुलै, रात्री १०.१०)

मग सर्व उलगडते. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ होती, म्हणून एल-जस्ट आणि २४ वर कापणे या दोन्ही क्रिया बाइटांवर चालत. पायथन ३ मध्ये स्ट्रिंग ही अक्षरांची असते, त्यामुळे त्याच दोन ओळी आता चिन्हे मोजतात. स्क्रिप्टमध्ये एक अक्षरही न बदलता तिचा अर्थ बदलला.

‘जय हनुमान’ हे नाव घ्या. आपल्या प्रत्येक बंदरावर या नावाची एखादी तरी नौका सापडेल. त्यात देवनागरी चिन्हे ८ आणि मोकळी जागा १, म्हणजे २५ बाइट. जुन्या स्क्रिप्टने ते २४ वर कापले, तेव्हा शेवटच्या ‘न’चे तीनपैकी दोनच बाइट उरले. पूर्ण फाइल वाचताना येणारी एरर अशा अर्धवट अक्षरांची आहे. जुन्या संगणकावर ते लक्षात आले नाही, कारण पायथन २ अक्षरांकडे पाहतच नव्हते.

आता हेच नाव नव्या संगणकावर लिहिले, तर ९ चिन्हांपुढे १५ मोकळ्या जागा भरल्या जातात आणि २४ बाइटांच्या रकान्यात ४० बाइट जातात. नोंद १६ ने वाढली. त्यात विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये लिहिताना ओळीच्या शेवटी लाइन-फीडच्या (ओळ संपल्याची खूण असलेल्या बाइटच्या) आधी कॅरेज-रिटर्नचा आणखी एक बाइट आपोआप लागतो. म्हणजे ९६ ऐवजी ११३. प्रत्येक नावागणिक ही वाढ वेगळी, त्यामुळे शेवटापासून मोजलेले कोणतेच अंतर जुळणार नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी (११ जुलै, सकाळी ६.५०)

हे वाचून रात्री फाइल उघडून पाहिली. ‘जय हनुमान’ खरोखरच आमच्याकडे आहे आणि तिचा शेवटचा ‘न’ फाइलमध्ये अर्धाच आहे. पावतीवर शेवटी चौकोन उमटतो अशी तक्रार त्या नौकेच्या तांडेलांनी पूर्वी एकदा केली होती. तेव्हा मी छपाईयंत्राच्या फॉन्टचा दोष मानून ते सोडून दिले. त्यांचे म्हणणे मी तेव्हाच तपासायला हवे होते.

आता ही फाइल सरळ कशी करावी?

सुरूबन, गुहागर (११ जुलै, सकाळी १०.००)

एक वेगळी सूचना. फाइलमध्ये ठिकाणे मोजत बसण्यापेक्षा एसक्यूलाइट हा लहान डेटाबेस वापरावा. पायथन २.५ पासून तो सोबतच येतो, वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट नोंद राहत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, ते वेगळे सांगायला नको.

तांबडी माती, दापोली (११ जुलै, दुपारी १२.१५)

सुरूबन यांच्याशी मी सहमत आहे आणि शेवटी तेथेच जावे. परंतु कोठेही जायचे तरी आधी या नोंदी अचूक वाचता यायला हव्यात, म्हणून दुरुस्ती टळत नाही.

खाडीकाठ, मूळ फाइलला हात लावू नका. प्रत घेऊन त्या प्रतीवर काम करा. ती बायनरी मोडमध्ये पूर्ण वाचा आणि लाइन-फीडच्या, म्हणजे १० या मूल्याच्या, बाइटवर तोडा. हे निर्धास्तपणे करता येते, कारण यूटीएफ-८ मध्ये एकाहून अधिक बाइटांच्या चिन्हाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. १० हे मूल्य देवनागरी अक्षराच्या पोटात कधीच येत नाही. तुटलेल्या अक्षरांमुळेही यात बाधा येत नाही.

आता जुनी नोंद कोणती आणि नवी कोणती? ज्या कॅरेज-रिटर्नने तुमचे गणित बिघडवले, तोच येथे उपयोगी पडतो. ओळीच्या शेवटी १३ मूल्याचा बाइट असेल तर ती नव्या संगणकावरची, नसेल तर जुन्या. जुन्या नोंदीचे रकाने बाइट मोजून पाडा आणि मग प्रत्येक रकान्याची अक्षरे करा. नव्या नोंदीची आधी अक्षरे करा आणि मग रकाने पाडा. हा क्रम उलटला, तर लिटरचे आकडे शेजारच्या रकान्यात सरकतील, आणि ती चूक एरर न देता होईल. म्हणून शेवटी प्रत्येक महिन्याच्या लिटरांची बेरीज जुन्या छापील अहवालांशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

अर्धवट नावे फाइलमधून परत मिळणार नाहीत. पहिल्या दोन बाइटांवरून फक्त एवढेच कळते की गेलेले चिन्ह एका ठरावीक ६४ चिन्हांच्या गटातील होते. ती नावे सभासदांच्या कागदी नोंदवहीतून पाहूनच भरा, अंदाजाने भरू नका.

सड्यावरून, राजापूर (११ जुलै, सायंकाळी ५.३५)

वरील पद्धत बरोबर आहे. नवी फाइल लिहिताना काही गोष्टी सांभाळा. ती बायनरी मोडमध्येच लिहा, म्हणजे कॅरेज-रिटर्न लागणार नाही. नावाचे आधी बाइट करा आणि मोकळ्या जागा बाइटांवर भरा. नाव कापावेच लागले, तर बाइटांवर कापून त्याची ‘इग्नोर’ पर्यायाने पुन्हा अक्षरे करा, म्हणजे शेवटचे अर्धे चिन्ह गळून पडेल. तरीही जोडाक्षराच्या मध्ये काप पडला तर शेवटी उघडा हलन्त राहू शकतो, म्हणून न कापण्याइतकी रुंदी ठेवणे हाच खरा उपाय आहे.

प्रत्येक नोंदीनंतर ‘फ्लश’ आणि त्यापाठोपाठ ‘एफसिंक’ करा, म्हणजे नोंद बफरमध्ये न अडकता डिस्कवर लिहिली जाईल. स्क्रिप्ट सुरू होताना फाइलच्या लांबीला नोंदीच्या लांबीने पूर्ण भाग जातो का, हे तपासा, आणि जात नसेल तर पुढे न जाता थांबा. पायथन २ मध्ये सीक काहीच परत देत नसे. पायथन ३ मध्ये ते नवे ठिकाण परत देते, त्यामुळे शेवटाला केलेल्या सीकमधूनच लांबी मिळते.

दाबून ठेवलेल्या जीझिप प्रतींवरही हेच चालवणार असाल, तर तेथे शेवटापासून सीक पायथन ३.५ पासून चालते, परंतु त्यासाठी आतमध्ये पूर्ण फाइल उलगडली जाते.

पर्जन्यमापक, देवरुख (१२ जुलै, सकाळी ८.१५)

अनुक्रमणिका तपासली. जून ते सप्टेंबरच्या चारही महिन्यांना एकच ठिकाण लिहिलेले आहे. मूळ नोंदी शाबूत आहेत, त्यामुळे बायनरी मोडमध्ये नवी अनुक्रमणिका केली. धन्यवाद.

खाडीकाठ, रत्नागिरी (२१ जुलै, रात्री १०.३०)

काम झाले, त्याचा तपशील देतो. ११,२०८ जुन्या आणि ३७ नव्या, अशा ११,२४५ ओळी निघाल्या. जुन्या ओळींपैकी एकही ९६ बाइटांहून कमी-अधिक नव्हती. लिटरांची बेरीज प्रत्येक महिन्याच्या छापील अहवालाशी जुळली; सचिव शेजारी बसून आकडे वाचत होते आणि मी पडद्यावर पाहत होतो, त्यात दोन दिवस गेले.

अर्धवट राहिलेली नावे १४ नौकांची निघाली. नोंदवहीतून ती सर्व मिळाली. नावाचा रकाना २४ ऐवजी ६० बाइटांचा केला, त्यामुळे नोंद आता १३२ बाइटांची आहे आणि आमच्या सर्वांत लांब नावालाही कापावे लागत नाही. शेवटच्या २० नोंदी दाखवण्यासाठी बायनरी मोडमध्ये शेवटापासून २६४० बाइट मागे जातो. यंदाचा हंगाम या फाइलवर काढू आणि पुढच्या वर्षीच्या बंदीच्या काळात एसक्यूलाइटवर जाऊ, असे सचिवांशी बोलून ठरवले आहे.

आज संध्याकाळी चाचणी म्हणून ‘जय हनुमान’ची पावती छापली आणि तांडेलांच्या घरी नेऊन दाखवली. नाव पूर्ण आले आहे.